उचल घेणाऱ्याने नाही कसं म्हणायचं?

20 जानेवारी 2025 ला डोनाल्ड ट्रम्प यांनी एक आदेश काढला आणि जगभरची अमेरिकी विकासमदत नव्वद दिवसांसाठी गोठली. मार्चमध्ये त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी यूएसएड या अमेरिकी मदतसंस्थेचे 83 टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि 1 जुलैला ती संस्थाच परराष्ट्र खात्यात विरघळली. तेव्हापासून आपल्याकडे एक वाद चालू आहे. धुळ्यात चहाच्या टपरीवर मी तो ऐकला, व्याख्यानमालेच्या मंडपातही ऐकला, आणि मंडपातला वाद टपरीपेक्षा वरचढ होता असं काही म्हणवत नाही. एक बाजू म्हणते, बरं झालं, गोऱ्यांची भीक बंद झाली. त्या पैशाच्या वाटेने धर्मांतरं, हेरगिरी आणि आंदोलनं येत होती. दुसरी म्हणते, लेकरांच्या तोंडचा घास गेला, आता तरी दात्यांवर टीका करणाऱ्यांनी गप्प बसावं. पहिलीला पैसा कुठून आला एवढंच दिसतं, दुसरीला किती आला एवढंच. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे. मदत घेणाऱ्याला ती नाकारता येते का, आणि देणाऱ्याचं चुकलं तर त्याला जाब विचारायला कुठे जागा आहे का, हे आधी पाहावं. या दोन गोष्टी नसतील तर दाता कितीही सज्जन असो, घेणारा त्याचा मिंधा राहतो.

खानदेशातल्या माणसाला हे कळायला जिनिव्हाचे अहवाल वाचावे लागत नाहीत. त्याने सालदारी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणं, पाहिलेली असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं वर्ष संपतं आणि पुढचं ठरतं. ठरताना मालक उचल देतो. पोरीचं लग्न, बापाचं आजारपण, घरावरचे पत्रे, अशा अडल्या वेळी ती उचल खरोखर कामी येते. तिला नुसतं शोषण म्हणून मोकळं होणाऱ्यांनी घरात मयत झालेल्या सालदाराला एकदा विचारून पाहावं. मालक वाईटच असतो असंही नाही; सालदाराच्या पोरांना वह्या-दप्तर घेऊन देणारे मालक मी पाहिलेत. अडचण नंतरची आहे. एकदा उचल घेतली की मजुरीवर बोलणं अवघड, रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला जाणार नाही म्हणणं अवघड, आणि वहीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणणं सगळ्यात अवघड. वही मालकाच्या घरात असते. 1972 च्या सुमारास शहादा-तळोद्यात आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा त्यांनी कोणता मालक दयाळू आणि कोणता खाष्ट याची यादी केली नाही. गेलेली जमीन, मजुरीचा दर आणि अंगावर पडणारा हात, यावर समोरासमोर बोलण्याची ताकद मागितली.

आपला देशही एकदा असा सालदार होऊन बसला होता. अमेरिकेचा पीएल-480 कायदा 1954 चा. 1956 च्या करारापासून त्याखाली गहू येऊ लागला, तोही रुपयांत, डॉलर न मोजता. गोड वाटणारच. 1965 आणि 1966 असे लागोपाठ दोन पावसाळे गेले तेव्हा त्या उचलीची किंमत कळली. अध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचे करार थांबवून महिन्या-महिन्याच्या बोलीवर जहाजं सोडायला सुरुवात केली. शेतीचं धोरण बदला हा उघड आग्रह, आणि व्हिएतनामबद्दल दिल्लीने जरा तोंड आवरावं ही न लिहिलेली अट. गोदीत जहाज लागलं की गहू थेट रेशनच्या दुकानात, अशी हातातोंडाची गाठ. 1966 च्या 6 जूनला डॉलरचा भाव 4.76 रुपयांवरून 7.50 वर नेण्यात आला. त्यामागे जागतिक बँक आणि नाणेनिधीचा रेटा होता, बदल्यात भरघोस मदतीचा शब्द होता, आणि तो शब्द पुढे धड पाळला गेला नाही.

यावर प्रतिपक्षाचं उत्तर भक्कम आहे. त्या गव्हाने असंख्य जीव वाचवले, आणि शेतीकडे लक्ष द्या हा जॉन्सन यांचा सल्लाही चुकीचा नव्हता. दोन्ही मान्य. पण सल्ला योग्य की अयोग्य हे सल्ला देणाऱ्यानेच ठरवायचं आणि पटलं नाही तर दुसऱ्याने उपाशी राहायचं, हा कसला व्यवहार? शिवाय सी. सुब्रमण्यम अन्नमंत्री म्हणून नव्या बियाण्यांसाठी दिल्लीत आधीपासूनच भांडत होते. घरातल्या माणसाचं बरोबर म्हणणं परक्याची अट म्हणून समोर आलं, की घरात त्याला उगाच शत्रू तयार होतात. आमच्याकडे बांधावरच्या गाजरगवताला अजून काँग्रेस गवत म्हणतात आणि ते त्या अमेरिकी गव्हातूनच आलं असं शपथेवर सांगतात. अभ्यासकांत यावर मतभेद आहेत. पण साठ वर्षांनी लोकांना त्या मदतीतलं गवत आठवावं आणि गहू आठवू नये, हे मला फार बोलकं वाटतं.

1972 च्या दुष्काळातली लाल मिलो, म्हणजे बोटीने आलेली परदेशी ज्वारी, खाल्लेली माणसं अजून गावोगाव आहेत. चव विचारली की तोंड वाकडं करतात. त्याच दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रभर कामाला लागली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला, 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैसा कुठून? मोठा वाटा व्यवसाय कराचा, म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेला. देणारा आणि घेणारा इथेही होतेच. पण साक्रीच्या पाझर तलावावर माती वाहणारी बाई त्या कारकुनाचे आभार मानायला बांधील नव्हती, आणि तिचा फोटो काढून त्याला पाठवायची पद्धतही नव्हती. हजेरीपट खोटे असत, मोजमापात मारलं जाई, पगार थकत, हे सगळं खरं आहे. तरी थकलेल्या पगारासाठी तहसीलवर मोर्चा नेता येत होता. मिलोची बोट उशिरा आली म्हणून कुठे मोर्चा नेणार होतो आपण?

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी स्वदेशी पैशाची आरती करतोय. तसं असतं तर मणिबेली आडवं आलं नसतं. अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदेच्या काठचं हे गाव. तेव्हा जिल्हा धुळेच होता, नंदुरबार वेगळा झाला 1998 मध्ये. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने 1985 मध्ये 450 दशलक्ष डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि महाराष्ट्राच्या हद्दीत पाणी सगळ्यात आधी चढणार होतं ते मणिबेलीत. कर्जाच्या कागदावर सह्या दिल्लीच्या आणि वॉशिंग्टनच्या. ज्यांची घरं बुडणार ते त्या व्यवहारात कुठेच नव्हते. आंदोलन पेटलं, परदेशातही बँकेवर दबाव आला, आणि 1991 मध्ये बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आढावा नेमावा लागला. जून 1992 च्या त्यांच्या अहवालाने पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत बँकेचे आणि आपल्या सरकारांचे वाभाडे काढले. मार्च 1993 मध्ये भारताने उरलेलं कर्ज स्वतःहून नाकारलं. त्याच वर्षी बँकेने तक्रारींसाठी इन्स्पेक्शन पॅनल स्थापन केलं. आफ्रिकेतला किंवा नेपाळमधला एखादा गावकरी आज बँकेच्या प्रकल्पाविरुद्ध दाद मागू शकतो, त्यामागे सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांचा लढा मोठा आहे. खानदेशातल्या शाळांत हे शिकवत नाहीत, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

आता यातली खोच पाहा. परदेशी कर्ज गेलं, धरण राहिलं. पुढचं काम देशाच्याच पैशाने झालं आणि 2017 मध्ये ते पूर्ण उंचीला पोचल्यावर त्याचं लोकार्पणही झालं. परदेशी पैसा होता तोवर बाहेरचा आढावा बसवता आला. स्वदेशी पैशावर मोर्स कोण नेमणार? कोर्ट होतं, तिथे आंदोलन गेलंही, आणि 2000 मध्ये निकाल बांधकामाच्या बाजूने लागला. म्हणजे कधीकधी दूरचा दाता हा दुबळ्याच्या हातातली काठी ठरतो. ती घरच्या बळजोरावर उगारता येते. परदेशी पैसा म्हटला की ज्यांना फक्त कटच दिसतो, त्यांनी मणिबेलीकडून पुन्हा हिशेब मांडावा. मात्र ती काठी दात्याच्या मर्जीने हातात आलेली नव्हती. लोकांनी ती हिसकावून घेतली होती.

दुसरा मोठा आक्षेप जीव वाचण्याचा. एचआयव्हीच्या औषधांसाठी अमेरिकेने 2003 मध्ये सुरू केलेल्या पेपफार कार्यक्रमाने अडीच कोटी जीव वाचवल्याचा त्या सरकारचा दावा आहे. निम्मा धरला तरी आकडा डोकं फिरवणारा आहे. ज्या बाईला रोजची गोळी मिळते तिला सत्तेच्या असमतोलावर व्याख्यान कशाला द्यायचं? बरोबर. तिला देऊ नये. पण 2025 च्या जानेवारीत तिच्याच दवाखान्याचं दार बंद झालं ना? जीव वाचवणाऱ्या औषधांना नंतर सूट जाहीर झाली खरी, पण तोवर नोकरांना घरी पाठवलं गेलं होतं, पैसे अडकले होते. वीस वर्षं चाललेली गोष्ट सोमवारी एका सहीने थांबते आणि जिच्या शरीरात ते औषध जातंय तिला आदल्या दिवशी साधी नोटीस नसते. सालदारालासुद्धा आखाजीपर्यंतची मुदत असते. मदतीने जीव वाचतात हे जितकं खरं, तितकंच तिच्या अटींवर बोलणं निकडीचं होतं. ते कृतघ्नपणा म्हणून टाळलं, त्याचं फळ हे.

मग हैतीचं काय म्हणाल? 1990 च्या दशकात त्या देशाने बाहेरच्या दबावाखाली तांदळावरचं आयातशुल्क 3 टक्क्यांपर्यंत खाली आणलं, स्वस्त अमेरिकी तांदूळ आला आणि तिथला भात पिकवणारा शेतीतून उठला. 2010 च्या भूकंपानंतर बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर ती चूक कबूल केली. आपल्या आर्कान्सास राज्यातल्या काही शेतकऱ्यांना त्याचा फायदा झाला, पण हैतीचं नुकसान झालं, अशा अर्थाचं ते बोलले. कबुली दिली याचं कौतुक आहेच. पण शेत सोडून शहराच्या झोपडपट्टीत गेलेल्या माणसाला त्या कबुलीतून काय मिळालं, आणि ती मागायला तो कोणत्या दारात गेला असता?

तिसरा आक्षेप हिशेबाचा, आणि तो मला स्वतःला सगळ्यात जवळचा आहे, कारण मी काही वर्षं तोच हिशेब लिहीत होतो. दात्याचा पैसा म्हणजे कुठल्यातरी करदात्याच्या घामाचा. त्याने अट घालू नये, हिशेब मागू नये, असं कसं म्हणता? मी म्हणतच नाही. मागावा. पण तो कोणाला द्यायचा?

शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात आमची संस्था पोषणाचा प्रकल्प चालवत होती. पैसा युरोपातला. माझं काम दस्तऐवजीकरण, म्हणजे तिमाही अहवाल, फोटो, केस स्टोरी. परसबागा किती झाल्या हे दर तीन महिन्यांनी मोजायचं. गावात मार्चपासून टँकर लागायचा. बायका पहिल्या बैठकीपासून एकच सांगत होत्या की आधी पाण्याचं बघा, भाजी आम्हाला शिकवू नका. पण बजेटमध्ये पाण्याचं हेडच, म्हणजे खर्चाचं कलमच, नव्हतं. पोषणाचं होतं, प्रशिक्षणाचं होतं, व्हिजिटचं होतं. मग आम्ही फेब्रुवारीत हिरव्या असलेल्या बागा मोजायचो आणि मेमधल्या वाळलेल्या बागा पुढच्या तिमाहीत ढकलायचो. यात खोटं एकही वाक्य नव्हतं.

एका वर्षी पाहुण्यांची व्हिजिट ठरली ती नेमकी आखाजीला. त्यांच्या विमानांच्या मध्ये तेवढाच एक दिवस मोकळा होता. आखाजी म्हणजे आमच्याकडे दिवाळीच्या तोलाचा सण. लेकी माहेरी आलेल्या, घरोघरी खापरावर मांडे चाललेले, आमरसाची पातेली भरलेली, निंबाला झोके बांधलेले. त्याच निंबाखाली आम्ही सतरंज्या टाकल्या आणि तीसेक बायकांना बसवलं. झोके वर गुंडाळून फांदीला अडकवले, फोटोत मध्ये येत होते म्हणून. पाहुण्या बाई खरंच चांगल्या होत्या. चप्पल काढून खाली बसल्या, मांडा खाल्ला. त्यांनी विचारलं, प्रकल्पाबद्दल काही सांगायचंय का? कोणी बोलेना. मग मागच्या बाजूने एक म्हातारी म्हणाली, ‘आज आखाजी शे. आमले कोनी इचारं का?’

भाषांतर माझ्याकडे होतं. मी सांगितलं की आज त्यांचा मोठा सण आहे आणि सणाच्या दिवशी तुम्ही आलात याचा त्यांना आनंद आहे. पाहुण्या बाईंनी हात जोडले.

मी असं का केलं? पुढच्या टप्प्याच्या मंजुरीचं पत्र यायचं होतं आणि त्यावर सात जणांचे पगार होते, माझाही. मला कोणी धमकावलं नव्हतं. पाहुण्या बाईंना खरं कळलं असतं तर त्या रागावल्या नसत्या, उलट ओशाळल्या असत्या, असं मला आज वाटतं. पण आज वाटून काय उपयोग? तराजू असा असतो की वरच्याला दाबावं लागत नाही, खालचा आपणच वाकतो. आमचा हिशेब पै न पै चोख होता. सनदी लेखापालाची सही, यूसी म्हणजे पैसा ठरल्या कामी लागल्याचा दाखला, बिलं, सगळं फायलीत. तो गेला युरोपात. निंबाखाली तो कधीच वाचला गेला नाही. प्रशिक्षणावर किती, गाड्यांवर किती आणि परसबागेच्या बियाण्यांवर किती, हे त्या म्हातारीला कळलं असतं तर तिने आणखी एखादा प्रश्न विचारला असता, आणि त्याचं भाषांतर मला असं सहज उरकता आलं नसतं.

यात गोऱ्या कातडीचा संबंध नाही, हे आता आपण स्वतः देणारे झाल्यावर तरी कबूल करावं. 2003 मध्ये भारताने लहान दाते असलेल्या बऱ्याच देशांना तुमची मदत आता नको असं कळवलं, 2004 च्या त्सुनामीत परदेशी सरकारांची मदत आधी नाकारली. ताठ मानेचं कौतुक करावंच. ती मान ताठ झाली कारण कोठारात धान्य आणि तिजोरीत परकीय चलन होतं. आणि आपण दुसऱ्याला देतो तेव्हा? आपल्या सवलतीच्या कर्जांची सर्वसाधारण अट अशी की साधारण 75 टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायच्या. हीच अट गोऱ्याने घातली की आपण तिला वसाहतवाद म्हणतो. घरातही तेच. कंपनी कायद्यातल्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्यांना 2014 पासून नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. कायद्याने द्यावाच लागणारा पैसा, पण गावात तो देणगीच्या थाटात येतो: आधी बोर्ड, मग टी-शर्ट, मग हातपंप. पंप बिघडला की बोर्डावरचा फोन नंबर लागत नाही.

गावाच्या हाती दिलं तर पाटील खाईल, हा शेवटचा आक्षेप. खाईल, शक्यता आहे. गावाला देवत्व देणाऱ्यांतला मी नाही. पांझरा नदीच्या काठच्या पाणीवाटपाच्या फड पद्धतीचं नाव काढलं की आमच्याकडे लोकांचे डोळे भरून येतात, पण फडाच्या बैठकीत भूमिहीनाला जागा नव्हती आणि बायकांनाही नव्हती. तरी त्या पद्धतीतली एक गोष्ट मला कुठल्याही अहवालात सापडली नाही. बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडांत यायचं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कमी पडलं तर कोणता फड कोरडा ठेवायचा हे पाणी घेणारेच बसून ठरवायचे. पाणी सोडणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांना मेहनताना त्याच शेतकऱ्यांकडून मिळायचा. म्हणून पाटकऱ्याला उत्तर द्यावं लागे ते शेतावरच. त्याने कोणाचं पाणी मारलं तर संध्याकाळपर्यंत कळे. आमच्या प्रकल्पात मला पगार युरोपातून होता, म्हणून माझं उत्तर युरोपात जात होतं. पाटलाने खाल्लेलं निदान गावाला दिसतं आणि पुढच्या निवडणुकीत काढता येतं. हेडच चुकलं तर ते दिसायलाही तिमाही अहवाल वाचावा लागतो, इंग्रजीत.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने शेकडो एकर जंगल राखलं, आणि त्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथेही बाहेरची मदत आली, संस्था आल्या, माणसं आली. पण झाड तोडलं तर दंड किती हे गावाने ठरवलेलं होतं. मदत त्या नियमाच्या मागून आली.

दात्यांकडे मागायच्या गोष्टी यातूनच निघतात आणि त्या फार मोठ्याही नाहीत. काढता पाय घ्यायचा तर वर्षभराची नोटीस द्या. बजेटमध्ये एक हेड असं ठेवा की ज्याचं नाव गाव लिहील. दात्याला जो हिशेब जातो तोच, त्याच दिवशी, गावाच्या भाषेत ग्रामसभेत वाचा. आणि तक्रार ऐकणारा माणूस असा असू द्या की ज्याचा पगार त्या प्रकल्पावर नाही. 2005 च्या पॅरिस जाहीरनाम्यात दात्या देशांनी यातल्या काही गोष्टींच्या जवळ जाणारी वचनं स्वतःच दिली होती: घेणाऱ्या देशाचं धोरण आधी, आणि उत्तरदायित्व दोन्ही बाजूंचं. वीस वर्षांनी दवाखान्यांची दारं लागली तेव्हा त्या जाहीरनाम्याची आठवण कोणी काढल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

त्या व्हिजिटनंतर भरायचा एक फॉर्म होता. नववा प्रश्न असा: बैठकीची तारीख व वेळ समुदायाशी चर्चा करून ठरवली का? पुढे दोन चौकोन. मी ‘हो’वर खूण केली, फोटो जोडला आणि फाइल पाठवून दिली. फोटोत वरच्या कोपऱ्यात फांदीला गुंडाळलेला दोर थोडासा आला होता. वार्षिक अहवालात छापताना तो कापून टाकलेला दिसला.